वरच्या खोलीतला गवई

तो आला तेव्हा मी दहावीत होते आणि त्याला खोली द्यायला आईचा साफ विरोध होता.

आमचं मूळ गाव शिराळ्याच्या पुढं. वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि माझ्या शिक्षणासाठी त्यांनी सांगलीत विश्रामबागेच्या मागं घर बांधलं. वर एक खोली काढली, तिला बाहेरून जिना. कॉलेजच्या मुलांना भाड्यानं द्यायची, एवढाच बेत. आधी तिथं जतकडचे दोन भाऊ राहिले. ते गेले आणि वडिलांच्या ओळखीचा, फार्मसी कॉलेजातला एक कारकून एका उंच, किडकिडीत, कुरळ्या केसांच्या मुलाला घेऊन आला. मुलगा येमेनचा. एडन शहरातला. औषधशास्त्र शिकायला आलेला, आणि आमच्या आधी तीन घरांनी त्याला नाही म्हटलेलं.

"पोरीचं घर हाय आपलं," आई स्वयंपाकघरात दबक्या आवाजात म्हणाली. "कोण कुठला, ना ओळख ना पाळख. न्हाई म्हणा."

वडील बाहेर आले ते नाही म्हणायलाच. पण सैन्यात असताना ते शांतिसेनेबरोबर काही महिने लेबनॉनला राहिले होते आणि तिथं चार अरबी शब्द शिकले होते. परत आल्यापासून ते शब्द त्यांच्याकडं पडून होते. त्यांनी मुलाकडं बघून नुसतं "मरहबा" म्हटलं. मुलाचा चेहरा एकदम उजळला. तो जे बोलत सुटला ते थांबेचना. वडिलांना त्यातलं अक्षर कळलं नाही. ते मान डोलवत राहिले आणि शेवटी आत येऊन म्हणाले, "राहू दे. चांगलं पोरगं हाय."

"तुमाला काय कळलं त्याचं?"

"कळलं न्हाई. पण बोलताना डोळ्याला डोळा देत हुता."

आईनं मग अटी घातल्या. जिन्याखाली चपला काढायच्या. मित्रांचा गोतावळा आणायचा नाही. आणि माझ्याशी बोलायची वेळ आलीच तर मला ताई म्हणायचं. तो माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, पण त्यानं मान्य केलं. पुढचे तीन-चार महिने त्याला ते माझं नावच वाटत होतं. एकदा शेजारचा मुलगा आपल्या बहिणीला ताई म्हणाला तेव्हा यानं मला विचारलं, "हिचं पण नाव ताई? सांगलीत सगळ्या मुली ताई?"

त्याचं स्वतःचं नाव लांब होतं आणि त्यात घशातून काढायचं एक अक्षर होतं. आईला ते जमेना. घरात त्याचं नाव पडलं 'वरचा'. वरचा आला का, वरच्यानं पाणी भरलं का. पुढं तोही दारात उभा राहून सांगायचा, "काकू, मी वरचा."

आल्यावर दुसऱ्या आठवड्यात तो खाली आला तो रडवेला होऊन. हिंदी थोडं, इंग्रजी थोडं, असं मिसळून सांगत होता, "काकू, ऊद. माझा ऊद खराब झाला." आईला वाटलं, पोराला देवाधर्माचं काही करायचंय. तिनं देवघरातून उदाची पुडी आणि धुपाटणं आणून त्याच्या हातात दिलं. तो बघतच राहिला. मग रडायचं विसरून हसायला लागला. त्यांच्या भाषेत जाळायच्या सुगंधी लाकडालाही तोच शब्द आणि त्याच्या वाद्यालाही तोच. तो वर गेला आणि ते वाद्य घेऊन आला. अर्धा कापलेला भोपळा असावा तसं पोट, पण भोपळा नव्हे. लाकडाच्या बारीक पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेलं. मान आखूड आणि मागं मोडल्यासारखी वळलेली. प्रवासात आणि आमच्याकडच्या जुलैच्या दमट हवेत त्याच्या पट्ट्या सुटायला लागल्या होत्या.

"औषधं शिकायला आलास आन हे कशाला आणलंस?" आईनं विचारलं.

त्याला प्रश्न कळला की नाही कोण जाणे, तो सुटलेल्या पट्ट्या अंगठ्यानं दाबत बसला.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्याला स्कूटरवर मागं बसवलं. मलाही घेतलं, कारण वाद्य धरायला कुणीतरी हवं होतं. आम्ही तिघं मिरजेला गेलो. मिरजेत सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांची घराणी आहेत. वडिलांनी एका दुकानासमोर स्कूटर लावली ती केवळ तिथं सावली होती म्हणून. आत एक मुसलमान कारागीर बसले होते, पन्नाशीचे, मांडीवर तंबोऱ्याची तबली, म्हणजे भोपळ्यावर बसवायची लाकडी फळी घेऊन. आम्ही त्यांना चाचा म्हणायला लागलो ते नंतर. त्या दिवशी त्यांनी वाद्य हातात घेतलं, उलटं केलं, नखानं वाजवून बघितलं, नाकाला लावून वासही घेतला.

"असलं मी हातात धरलं न्हाई कवा," ते म्हणाले. "ह्याला पडदंच न्हाईत की. बोट कुठं ठेवायचं हे ह्याला कसं कळतं?"

वडिलांनी मुलाकडं बघितलं. मुलानं स्वतःच्या कानाकडं बोट केलं. चाचांना तेवढं पुरलं.

"पट्ट्या चिकटवल्याला सरस सुटलाय नुसता. लाकूड शाबूत हाय. आठ दिवसांनी या."

आठ दिवस वरच्याला जेवण गेलं नाही. नवव्या दिवशी तो एकटाच एसटीनं मिरजेला गेला आणि संध्याकाळी परतला तेव्हा जिना चढण्याआधी अंगणातच खाली बसून त्यानं वाद्य वाजवलं. आई भाजी निवडत होती. मी गणितं सोडवत होते. आवाज सतारीसारखा लांबत नव्हता. बुटका, उबदार, मडक्यात बोलल्यासारखा होता. मग तो गायला लागला. ते ऐकून वडील बाहेर आले आणि दाराला टेकून उभे राहिले. गाणं संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "चार ते सहा वाजवायचं. दुपारी मी झोपतो."

चार ते सहा हा त्याचा नेम झाला. गल्लीत त्याची चर्चाही झाली. पलीकडच्या घरात एक संगीतशिक्षिका राहायच्या. त्यांनी आईला थांबवून सांगितलं, "तुमचा भाडेकरू गातो उत्साहानं, पण बेसूर आहे हो. कानाला त्रास होतो." आईला वाईट वाटलं. आपल्या घरातलं कुणी नापास झाल्यासारखं तिनं ते मनाला लावून घेतलं. पुढच्या वेळी वडील मिरजेला निघाले तेव्हा तिनं त्यांना हे चाचांना विचारून यायला सांगितलं. चाचांनी उत्तर दिलं ते वडिलांनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, "बेसूर न्हाई. आपल्या दोन सुरांच्या मधी त्याचा एक सूर बसतो. तिथंबी जागा असती. आपण तिथं जात न्हाई एवढंच." आईनं ते वाक्य पाठ केलं आणि संगीतशिक्षिकेला ऐकवलं.

त्याची मराठी आईच्या हाताखाली तयार झाली. त्यामुळं ती पुस्तकातली नव्हतीच. तो शिराळ्याची मराठी बोलायचा. "आवं काकू, लय भूक लागलीया." "ताई, तुजा पेपर कवा हाय?" सांगलीतली कॉलेजची मुलं त्याची मराठी ऐकून हसायची आणि तो त्यांना म्हणायचा, "हसता का? आमच्या काकूची हाय."

माझी दहावी झाली, बारावी झाली. त्याचंही तिसरं वर्ष संपत आलं, असं आम्ही समजत होतो.

एके दिवशी बाजारात वडिलांना त्याच्या कॉलेजातले एक शिक्षक भेटले. वडिलांनी अभिमानानं विचारलं, आमचं पोरगं कसं काय आहे अभ्यासात? शिक्षक म्हणाले, "तो तर वर्षभर फिरकला नाही. आधीच्या वर्षाचेही विषय राहिलेत. आम्हाला वाटलं, मायदेशी परत गेला."

वडील घरी आले. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. त्यांनी वरच्याला हाक मारली, अंगणात खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर बसले. मी खिडकीत होते.

"रोज सकाळी डबा घिऊन कुठं जातोस?"

तो खाली बघत राहिला.

"मी विचारलं रं तुला."

"मिरजेला," तो म्हणाला. "चाचांच्या दुकानात. तिथं गाणारे लोक येतात. मी ऐकतो. कधी मी गातो, ते ऐकतात. चाचा लाकूड घासायला देतात."

"आन घरी काय सांगतोस? बापाला?"

"पास झालो."

माझ्या वडिलांना खोटेपणाचा भारी तिटकारा. सैन्यातल्या किती जणांना त्यांनी त्यापायी बोल लावला असेल. मला वाटलं, आता ते त्याला सामान बांधायला सांगणार. आईलाही तेच वाटलं असावं, कारण ती पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. वडील उठले, पायात चपला घातल्या.

"चल. फोन लावायचा."

"आत्ता?"

"आत्ताच. खोटं शिळं झालं की जास्त घाण मारतं."

चौकात परदेशी फोन लागायचा असा एक बूथ होता. तिघं निघालो, म्हणजे ते दोघं आणि न बोलावता मागून मी. काचेच्या त्या खोक्यात दोन माणसं जेमतेम मावायची. वडील त्याच्याबरोबर आत शिरले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. दार लागेना, म्हणून मी बाहेरून धरलं होतं. त्याच्या वडिलांचं एडनला मधाचं दुकान होतं. फोन तिथंच लागला. तो अरबीत बोलायला लागला, आधी भराभर, मग अडखळत, आणि मग त्याचा आवाजच बंद झाला. पलीकडून एक म्हातारा आवाज बोलला, सावकाश. ते ऐकता ऐकता वरचा भिंतीला टेकला आणि हुंदके देऊन रडायला लागला.

"काय म्हणत्यात?" वडिलांनी घाबरून विचारलं. "लय रागावलं का?"

त्यानं मान हलवून नाही म्हटलं. रिसीव्हरवर हात ठेवून तो सांगायला लागला. त्याच्या वडिलांनी म्हटलं होतं, सहा महिने झाले, फोनवर तुझा आवाज बारीक येतो. मला वाटलं, तुला मोठा आजार झालाय आणि तू आमच्यापासून लपवतोयस. तुझी आई रोज रडते. आणि तू सांगतोस की नापास झालास? एवढंच ना? नक्की एवढंच ना?

माझ्या वडिलांनी खिशातून रुमाल काढला आणि पहिल्यांदा स्वतःचे डोळे पुसले, मग त्याला दिला. नंतर रिसीव्हर आपल्या हातात घेतला आणि त्या मधवाल्या माणसाला आपल्या चार अरबी शब्दांपैकी जे उपयोगी होते ते दोन सांगितले. उरलेलं हिंदीत सांगितलं. पलीकडचा माणूस त्यावर काहीतरी बोलला. दोघांना एकमेकांचं काही समजलं नसणार, तरी दोघंही बराच वेळ बोलत होते.

महिन्याभरात तो परत गेला. घरच्यांनी सांगितलं होतं, ये, मग बघू. आईनं शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि लोणच्याची बरणी बांधून दिली. चाचांनी वाद्याला नव्या खुंट्या करून दिल्या. मिरज स्टेशनवर गाडी सुटताना तो आईच्या पाया पडला, आमच्याकडं बघून शिकला होता तसा, थोडा चुकीचा, दोन्ही गुडघे टेकून.

त्याचं पुढचं आयुष्य आम्हाला दिवाळीच्या आणि ईदच्या फोनमधून कळत गेलं. आधी वडिलांच्या दुकानात बसला. मग लग्नांत गायला लागला. त्यांच्याकडं लग्नाच्या दुपारी पुरुष एका मोठ्या खोलीत भिंतीला टेकून बसतात आणि मधे गाणारा एकटा ऊद घेऊन तासन्‌तास गातो. अशा दोन-तीनशे दुपारी तो गायला असेल. जुन्या चाली सगळ्यांना पाठ असतात, त्यामुळं चुकलं की लगेच टोकतात, असं तो सांगायचा. तिथंच त्यानं हळूच स्वतःच्या चाली घुसवायला सुरुवात केली. कुणाची आहे हे सांगायचं नाही, गाऊन टाकायचं. एका कोळ्यांच्या वस्तीतल्या लग्नात त्यानं समुद्रावरच्या एका कवितेला लावलेली स्वतःची चाल गायली आणि लोकांनी ती परत मागितली. "काकू, सहा येळा," तो फोनवर ओरडून सांगत होता. "सहा येळा गायला लावली!"

ती चाल कुणीतरी मोबाईलवर टिपली. ती पसरली. मग एका उपग्रह वाहिनीवर त्याला बोलावणं आलं. मग आखातातल्या एका प्रसिद्ध गायिकेनं त्याच्याकडून चाल मागितली आणि ते गाणं इतकं चाललं, की मस्कतपासून कैरोपर्यंत टॅक्स्यांमधून ते ऐकू येतं, असं तो लाजत सांगायचा. आम्हाला निम्मं खरं वाटायचं. आई म्हणायची, "पोरगं सुखात हाय न्हवं? मग असंना."

मला खरं वाटलं ते कोयनानगरला. शिक्षिका झाल्यावर माझी तिकडं नेमणूक झाली होती. धरणाच्या वसाहतीतल्या खोलीत इंटरनेट फक्त एका खिडकीशी यायचं. तिथं उभी राहून मी त्याचं नाव अरबी अक्षरांत, एकेक अक्षर जुळवून लिहिलं आणि पडद्यावर तो आला. केवढं तरी मैदान, हजारो माणसं, आणि ती सगळी त्याच्याबरोबर गात होती. त्याला थांबून ऐकत उभं राहावं लागत होतं, इतकी मोठ्यानं. मी सुट्टीत सांगलीला गेले तेव्हा आईला ते दाखवलं. तिनं चष्मा लावून बघितलं.

"बारीक झालाय," ती म्हणाली.

नंतर त्याच्या देशात लढाई सुरू झाली. पहिल्या वर्षी त्याचा एक फोन आला. वीज नाही, पाणी नाही, लग्नं होतात पण कुणी गात नाही, असं तुटक तुटक सांगितलं आणि फोन कटला. त्यानंतर तो नंबर लागेना. इंटरनेटवर त्याचं जे पान होतं, तिथं नवीन काही येईना. दिवाळी गेली, ईद गेली. आई कॅलेंडर बघून दोन्ही दिवशी फोनजवळ बसायची. वडिलांनी बातम्या बघायचं सोडलं होतं, कारण कुठल्याही पडक्या भिंतीशी कुणी कुरळ्या केसांचं दिसलं की ते उठून पुढं जाऊन बघायचे. अशी चार वर्षं गेली. आम्ही त्याच्याविषयी बोलणं कमी केलं. बोलताना 'आहे' म्हणायचं की 'होता', तिथं जीभ अडखळायची.

गेल्या वर्षीची गोष्ट. मी आता पाटणला असते. शाळेतून घरी येऊन चहा ठेवला आणि सवयीनं त्याचं नाव शोधलं. कुणाच्या तरी पानावर काळ्या चौकटीत त्याचा फोटो होता. खाली अरबीत सात-आठ ओळी आणि त्यांच्याखाली शेकडो लोकांनी लिहिलेलं, सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच. मोबाईलवर भाषांतराचं बटण दाबलं. जे आलं ते धड मराठीही नव्हतं, पण त्यात 'महान कलाकार' होतं, 'अल्लाची दया' होतं आणि 'अखेरचा निरोप' होतं.

चहा उतू गेला ते मला वासानं कळलं.

आईला फोनवर कसं सांगायचं? मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि कराडवरून सांगलीला गेले. आईनं दार उघडताच माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, "वरचा?" मी हो म्हणून मान हलवली. ती उंबऱ्यातच बसली. वडील म्हणाले, "त्या यंत्राला काय कळतं? माणसाकडनं वाचून घ्यायला पायजे." ते धीर देत नव्हते, हट्ट करत होते, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. पण सांगलीत अरबी वाचणारं आमच्या ओळखीचं कोण? मग त्यांनाच आठवलं. चाचांची सून मिरजेत मुलींना अरबी शिकवते.

आम्ही तिघंही रिक्षा करून निघालो. चाचा आता पंचाहत्तरीच्या पुढं, काम मुलगा बघतो, ते दुकानात नुसते बसलेले असतात. त्यांना आता नीट दिसत नाही, वडिलांना आवाजावरून ओळखलं. "सुभेदार? या, या." काय झालंय ते वडिलांनी सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि आत हाक मारली.

सून बाहेर आली, तिशीची, पदर नीट करत. मी मोबाईल तिच्या हातात दिला. तिनं मनातल्या मनात वाचलं. ओठ हलत होते. परत पहिल्या ओळीपासून वाचलं. आम्ही चौघं तिच्या तोंडाकडं बघत होतो. दुकानात टांगलेल्या सतारींच्या रांगा, जमिनीवर भुसा, आणि आईनं माझा दंड इतका घट्ट धरलेला, की नंतर तिथं वळ उठला.

"हे त्यांच्याबद्दल नाहीये," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"त्यांचे वडील वारलेत. त्यांचे चाहते त्यांचं सांत्वन करतायत. 'आमच्या लाडक्या कलाकाराच्या वडिलांना अल्लानं आपल्या दयेत घेतलं. अखेरचा निरोप द्यायला त्यांना मायदेशी जाता आलं नाही. आम्ही सगळे तुमच्या दुःखात आहोत.' असं लिहिलंय. फोटो त्यांचा टाकलाय म्हणून तुम्हाला तसं वाटलं. ते हयात आहेत."

"देवा, सुटलो," आई म्हणाली. मोठ्यानं, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी. आणि लगेच तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

मलाही छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटत होतं आणि त्याच वेळी लाज वाटत होती. एक म्हातारा मेला होता आणि आम्हाला आनंद झाला होता. वडील भिंतीला टेकून खाली भुशात बसले, पँटची पर्वा न करता. "मधवाला," ते म्हणाले. "लय चांगला माणूस हुता. मी बोललोय त्याच्याशी." मग ते रडले. आईही रडली. चाचांनी हात पुढं धरून त्या न बघितलेल्या माणसासाठी दुवा मागितली, आणि आम्हीही आम्हाला येतं तसे हात जोडले.

चाचांच्या सुनेनंच त्या पानावरून शोधत शोधत मला कधी न सापडलेलं त्याचं नवं पान काढलं आणि माझ्या वतीनं अरबीत निरोप लिहिला. काय लिहू, विचारलं तेव्हा आई म्हणाली, "लिही, सांगलीची काकू म्हणती, जेवलास का."

उत्तर आलं ते तिसऱ्या दिवशी दुपारी. लिहिलेलं नव्हतं, आवाज होता. मी शाळेच्या आवारात गुलमोहोराखाली उभी राहून ऐकला. "ताई, मी वरचा. मी हाय. लय दिसांनी मराठी बोलतोय, चुकंल. काकूला सांग, मी हाय."

रविवारी मी सांगलीला गेले आणि आम्ही त्याला बघून बोललो. केस पांढरे झालेत, पुढून विरळही. कैरोत राहतो. लढाईच्या दुसऱ्या वर्षी बायकोला आणि लहान मुलीला घेऊन होडीतून समुद्र ओलांडून निघाला. मोबाईल, नंबर, सगळं पाण्यात गेलं. दोन वर्षं तो गायलाच नाही. आवाज होता, पण तोंड उघडलं की काही निघायचं नाही, असं म्हणाला. मग तिथल्या आपल्या देशाच्या लोकांनी एका लग्नात आग्रह केला. त्या दुपारपासून परत सुरू झालं. आता तो स्वतः कमी गातो, चाली जास्त करतो. नवी पोरं त्याच्या चाली गातात आणि त्याची नक्कल करतात, याचा त्याला थोडा राग आहे आणि बराच अभिमान.

"आन बाबा?" वडिलांनी विचारलं.

"बाबांनी दुकान सोडलं न्हाई. मी लय सांगितलं. म्हणाले, मध कुठं घेऊन जाऊ? पण काका, ते झोपेत गेले. स्वतःच्या खाटेवर. बहीण जवळ होती. आमच्याकडं आता असं मरण आलं की लोक शेजाऱ्यांना सांगतात, बघा, झोपेत गेला."

वडिलांनी मान डोलवली. त्यांना ऐकायला कमी येतं, पण हे सगळं आलं होतं.

आई इतका वेळ फक्त त्याच्याकडं बघत होती. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि मोबाईल आपल्या हातात घेतला.

"तुझ्या घराभायेर काय हाय रं?"

"काय न्हाई काकू. रस्ता."

"दाखव."

तो उठला. चित्र हललं, एक पडदा दिसला, एका लहान मुलीचं डोकं दिसलं, मग खिडकी. खाली रस्ता होता. गाड्या चालल्या होत्या, कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. समोरच्या गच्चीत एक बाई कपडे वाळत घालत होती. एका गाड्यापाशी दोन माणसं संत्री निवडत होती आणि गाडेवाला त्यांच्याशी वाद घालत होता. आई ते बराच वेळ बघत बसली, एखादी मालिका बघावी तशी.

"बरं हाय," ती म्हणाली. "गजबज हाय."